चार्ल्स लॉइड : ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’

मार्च 2024 मध्ये, शहाऐंशिव्या वाढदिवशी, जॅझमधले टेनर सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा हा दुहेरी अल्बम ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने आणला. पियानोवर जेसन मोरान, बासवर लॅरी ग्रेनेडिअर, ड्रम्सवर ब्रायन ब्लेड.

लॉइड यांचा सूर आता ठणठणीत नाही, आणि तेच ऐकण्यासारखं आहे. स्वर लागायच्या आधी रीडवरून, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवरून, जाणारी फुंकर ऐकू येते. स्वर सुटताना कडेला विरतो. द्रुत ताना कमी, पण एकाच वाक्याला तीन-चार वेगवेगळ्या उंबरठ्यांवरून आत आणायची हातोटी शाबूत आहे. ब्लेड ठेका ठोकत बसत नाही, झांजांवर नुसती सळसळ ठेवतो. त्यामुळे लय धरण्याची जबाबदारी बासवर येते. मोबाइलच्या स्पीकरवर बास गायबच होतो आणि सगळं अधांतरी वाटतं. बरे हेडफोन तरी लावाच.

सुरुवात ‘मंक्स डान्स’पासून करा, तिथे मोरान मोकळा सुटतो. मग ‘बुकर्स गार्डन’: मेम्फिसमधला बालमित्र, ट्रम्पेटवादक बुकर लिटल यांच्या आठवणीत.

खोट एकच. जवळपास दीड तासाचा ऐवज, त्यात संथ रचना पाठोपाठ. एका बैठकीत ऐकलं तर मधला भाग एकमेकांत मिसळतो. एका वेळी एकच डिस्क ऐका.

झाकिर हुसेन यांच्यामुळे लॉइडकडे वळलेल्यांनी मात्र इथे तबला शोधू नये. त्यासाठी 2006 चा ‘संगम’ हा अल्बम आहेच.