बेळगावातील रडार-प्रकीर्णन कार्यशाळा : चार रविवारांचा अनुभव

समुद्राच्या पृष्ठभागावरून रडारचे संकेत कसे विखुरतात आणि ते गणिताने कसे मांडावे, या विषयावर बेळगावातील एका खासगी प्रशिक्षण वर्गाने गेल्या हिवाळ्यात चार रविवारांची कार्यशाळा घेतली. मी निपाणीत भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी पहिल्या एसटीने जाऊन ती पूर्ण केली. बेळगावातून समुद्र दिसत नाही. तरीही कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी कोसळणारा पाऊस अरबी समुद्रावरचे वारेच घेऊन येतात, आणि उपग्रहावरील स्कॅटरोमीटर (विखुरून परतलेला संकेत मोजणारे रडार) हे वारे थेट नव्हे, तर पाण्याच्या खडबडीतपणावरून ओळखतो. म्हणून हा विषय मला परका वाटला नाही.

पहिल्या रविवारचे सत्र मी कधीही विसरणार नाही. प्रशिक्षकांनी फळा बाजूला ठेवून आम्हाला सकाळीच किल्ला तलावाच्या काठी नेले. वारा पडलेला असताना पाण्यातले सूर्यबिंब आटोपशीर होते. झुळूक येताच ते फुटून शेकडो चमचमत्या ठिपक्यांत पसरले. ज्या ठिकाणी पाण्याचा उतार नेमका सूर्याकडून आपल्या डोळ्याकडे परावर्तन घडवतो, तिथेच ठिपका चमकतो, हे तिथे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. कॉक्स आणि मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी विमानातून घेतलेल्या अशाच छायाचित्रांवरून १९५४ मध्ये दाखवले की उताराच्या वर्गाची सरासरी वाऱ्याच्या वेगाबरोबर सरळ रेषेत वाढते : स्थिर पाण्याला ०.००३, आणि पुढे सेकंदाला प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.००५. त्या सूत्रात सेकंदाला १० मीटरचा वारा घालून आणि वर्गमूळ काढून आम्ही काठावरच हिशेब केला, तेव्हा उतार साधारण १३ अंशांचा निघाला. रडार जवळजवळ सरळ खाली पाहत असेल तर आरशासारखे परावर्तन का पुरते, आणि उभ्या रेषेपासूनचा कोन २०-२५ अंशांपलीकडे गेल्यावर ते का अपुरे पडते, याचे उत्तर याच आकड्यात आहे. तलावावर वाऱ्याला मोकळा पल्ला फारच थोडा मिळतो, त्यामुळे तिथल्या लाटांवरून भर समुद्राच्या लाटांचा अंदाज बांधू नये, ही सूचनाही प्रशिक्षकांनी आठवणीने दिली.

पुढचे दोन रविवार तिरप्या कोनांसाठी होते. तिथे रडारच्या तरंगलांबीला कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) दुपटीने भागले की जी लांबी येते, त्याच लांबीच्या लाटांकडून येणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिळून बळकट होतात. याला ब्रॅग प्रकीर्णन म्हणतात. २००९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-२ या भारतीय उपग्रहावरील स्कॅटरोमीटर १३.५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २.२ सेंटिमीटर तरंगलांबीवर चालत असे, आणि ४९ अंशांच्या कोनाला त्याला दिसणारी लाट अवघी दीड सेंटिमीटरची असते. एवढ्याशा तरंगांवरून महासागरावरचा वारा वाचता येतो, हे आकड्यांनिशी पाहताना वर्गात शांतता पसरली होती. हे छोटे तरंग मोठ्या लाटांच्या पाठीवर स्वार असतात आणि मोठी लाट त्यांचा स्थानिक कोन बदलते, म्हणून दोन्ही मापांचा एकत्र विचार करणारे द्विस्तरीय प्रतिमान आम्ही पायथनमध्ये स्वतः लिहिले. तयार प्रणाली हाती देण्याऐवजी प्रत्येक ओळ आमच्याकडून लिहून घेतली, हे मला या कार्यशाळेचे सर्वांत मोठे बळ वाटते.

चौथ्या रविवारी मात्र निराशा झाली. परतणाऱ्या संकेताच्या ताकदीच्या आमच्या आलेखात आडव्या ध्रुवणाची (म्हणजे लहरीचे विद्युतक्षेत्र आडवे असतानाची) रेषा उभ्या ध्रुवणाच्या बरीच खाली आली, तर प्रत्यक्ष समुद्रावर, विशेषतः मोठ्या कोनांना, हे अंतर पुष्कळ कमी असते. फुटणाऱ्या लाटांचा ब्रॅगच्या हिशेबात न बसणारा वाटा हे त्याचे एक मुख्य कारण आहे. पण त्याचा उल्लेख झाला नाही आणि वेळ संपल्यामुळे प्रश्नही मागे राहिले. त्याहून मोठी उणीव पावसाची आहे. २ सेंटिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला पावसाचे थेंब संकेत शोषतात, स्वतःही विखुरतात आणि पाण्यावर आदळून नवे तरंग उठवतात. मोसमी पावसावर ज्यांची शेती उभी आहे, त्या खानापूर आणि चंदगडच्या मुलांना हे सांगितलेच पाहिजे होते. तयार केलेले प्रतिमान प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहण्याचे कामही राहूनच गेले. इस्रोच्या मॉसडॅक संकेतस्थळावरची स्कॅटरोमीटरची माहिती त्यासाठी वापरता आली असती.

शिकवणे मराठीत होते, गोकाककडच्या मुलांसाठी मधूनमधून कन्नडमध्येही, आणि दोन्ही भाषांत प्रशिक्षकांचा हात सारखाच मोकळा होता. टिपणे मात्र केवळ इंग्रजीत आहेत. शुल्क विद्यार्थ्याला झेपेल इतके आहे. विद्युतचुंबकत्वाची पदवीपातळीवरची ओळख असलेल्यांनी अवश्य जावे. ती नसणाऱ्यांना दुसरा रविवार जड जाईल, कारण खडबडीत पृष्ठभागावरून होणारे परावर्तन मांडणाऱ्या किर्चहॉफच्या सूत्राची उभारणी तिथे फारच घाईने उरकली आहे. पाऊस आणि फुटणाऱ्या लाटा यांसाठी पाचवा रविवार जोडावा, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे, आणि तो ठरला तर मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.