बडोद्यात छोटा जनरेटर: वर्षभराच्या वापरानंतर

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली. धोक्याची खूण २५ फुटांची. त्या वेळी लाइटचे काय हाल झाले ते बडोदेकरांना मी सांगायला नको. घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरने पहिल्या रात्रीच मान टाकली. पाणी ओसरल्यावर पेट्रोलवरचा, इन्व्हर्टर पद्धतीचा २.२ केव्हीएचा (केव्हीए हे ताकदीचं माप) जनरेटर घेतला. वर्ष उलटलं, मधे एक अख्खा पावसाळाही निघाला, म्हणून आता लिहितेय.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘एसी चालवायचाय का?’ हो म्हटलंत की गाडी थेट पाच केव्हीएवर जाते. मी नाही म्हटलं. फ्रीज, अर्ध्या एचपीचा पंप, वायफाय आणि इन्व्हर्टरची बॅटरी भरणं, बस. मोटरवाली वस्तू सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तिप्पट-चौपट करंट ओढते, म्हणून दोनशे वॉटचा फ्रीज दोनशेच धरायचा नसतो. पंप लावताना आम्ही फ्रीज बंद करतो; एवढं सांभाळलं की भागतं. खोक्यावरचा ठळक आकडा ‘मॅक्झिमम’ असतो. सतत मिळते ती ‘रेटेड’ ताकद, आमच्यात १.८. खरेदी त्या आकड्यावर करा.

साधा जनरेटर ५० हर्ट्झ टिकवायला लोड असो-नसो ३००० आरपीएमवर पळत राहतो. आमचा इन्व्हर्टर पद्धतीचा, लोड कमी असला की सावकाश होतो, त्यामुळे पेट्रोल वाचतं, आवाज कमी होतो आणि शेजारी अजून आमच्याशी बोलतात. महाग आहे, पण एकवीस-बावीस किलोचा असल्याने दोघं मिळून अगाशीवर नेता येतो. नदीकाठच्या गावात तळमजल्यावर जनरेटर ठेवून करायचं काय?

आमची पद्धत अशी: जनरेटर फक्त दिवसा, दोन-तीन तास. तेवढ्यात फ्रीज गार होतो, टाकी भरते, बॅटरी बऱ्यापैकी चार्ज होते. रात्रीचे पंखे-दिवे बॅटरीवर. सगळे झोपलेले असताना जनरेटर चालू ठेवायचाच नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि झोपेत ती कळतच नाहीत.

पावसात खरी परीक्षा. समोरचे काका म्हणाले, “अहो ताई, जिन्याच्या खोलीत ठेवा की, दार उघडंच आहे.” दार उघडं असून उपयोग नाही, जिना उलट्या धुराड्यासारखा चालतो आणि धूर खाली घरात उतरतो. दार-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घरापासून आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासूनही बाहेरच्या बाजूला. वर पत्र्याचं छप्पर, चारही बाजू मोकळ्या. ताडपत्री गुंडाळायची नाही. मुसळधार असेल तेव्हा आम्ही थांबतो, फ्रीज उघडत नाही. झोपायच्या खोलीबाहेर बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावलाय. उत्तरायणात तर अख्खा मोहल्ला अगाशीवर, पोरं मांजा घेऊन पळत असतात; तेव्हा दोन दिवस जनरेटर कव्हर घालून कोपऱ्यात.

वायरिंगला आलेल्या इलेक्ट्रिशियनने पिशवीतून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर काढली. “सॉकेटमध्ये घातली की सगळं घर चालू, बेन.” त्याला चहा दिला आणि वायर परत पिशवीत घालायला लावली. एक तर त्या उघड्या पिनांना जिवंत करंट असतो. शिवाय मेन चालू राहिला तर तोच करंट उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मर त्याचे ११,००० व्होल्ट करू शकतो आणि खांबावर चढलेला लाइनमन लाइन बंद समजून हात लावतो. दुसऱ्या माणसाकडून डबल पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घेतला: लाइन, बंद, जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, एका वेळी एकच बाजू जोडली जाते. अगाशीवरून खाली अडीच स्क्वेअर एमएमची वायर. त्याच्याकडून एक गोष्ट आवर्जून विचारून घ्या: छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थिंगला जोडलेला नसतो, त्यामुळे घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) जनरेटरवर ट्रिप होईलच असं नाही.

पेट्रोल बंद इंजिनात, पंधरा मिनिटं थंड झाल्यावरच भरायचं. साडेतीन लिटरची टाकी हलक्या लोडवर सात-आठ तास जाते. जास्तीचं धातूच्या कॅनमध्ये, घराबाहेर, थोडंच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, कार्बोरेटर चोंदतो; पडून राहणार असेल तर ते काढून टाकायचं, नाहीतर महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवायचं. नव्या मशीनचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदललं, पुढे शंभर तासांनी. दोरी ओढून सुरू करायचं काम आईला जमत नाही. सेल्फवाला मिळत असेल तर तो घ्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि बाल्कनीशिवाय जागा नसेल, तर जनरेटर घेऊच नका. त्या पैशात इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडा.