आण्णांच्या १९८७च्या बुलेटचा जुना कार्बोरेटर: आठ महिन्यांचा अनुभव

आण्णांची ३५० बुलेट दिवाळीत परत रस्त्यावर आणली. नवा कार्बोरेटर (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) घ्या, असं सगळे सांगत होते. मी मूळचा मिककार्ब व्हीएम २४च ठेवला. तेव्हापासून अंबाजोगाई-बीड ये-जा आठवड्यातून दोनदा, मधूनच लातूर. जुनाच ठेवला हे बरं केलं, पण पहिले दोन महिने फार छळलं त्यानं.

तक्रार एकच. स्लो, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन सावकाश चालत राहण्याचा वेग, बसत नव्हता. थंड असताना गाडी ठेक्यात चालायची. गरम झाली की रेस आपोआप चढायची आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर), पॉइंट (ठिणगीचे) आधीच बघून घेतले होते. हवेचा स्क्रू फिरवून फिरवून थकलो, पायलट जेट (स्लोचं पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बदलला. बाजारातलं किट टाकलं, तर त्यातली फ्लोटची सुई (येणारं पेट्रोल अडवणारी) नीट बसेना आणि सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग. जुनी सुई साफ करून परत घातली, गळती थांबली.

शेवटी इथल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकाही जेटला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर इंजिनच्या हेडला जोडतो तिथं क्लीनरचा फवारा मारला, अन् आवाज लगेच बदलला. "दादा, हवा इथून घेतीय," म्हणाले. दोन्ही नट वर्षानुवर्षं जास्त आवळून फ्लँज, म्हणजे जोडणीची सपाट कड, वाकला होता. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो सपाट घासला, पॅकिंग नवं टाकलं, नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. त्याच दिवशी स्लो बसला. तुमची गाडी अशीच करत असेल तर जेटवर पैसे घालण्याआधी हे बघा.

सेटिंग गरम इंजिनवरच करा. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू आत गेला की हवा कमी होऊन मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) होतं. काही कार्बोरेटरमध्ये तो स्क्रू पेट्रोलचा असतो, तिथं उलटं असतं. त्यामुळे गोंधळ होतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्यात आपला ऊसही आहे, त्याबद्दल राग नाही. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं. जानेवारीत अर्ध्या थ्रॉटलवर बराच वेळ चालवून प्लग काढला, पांढरट होता, म्हणजे मिश्रण पातळच. थ्रॉटलच्या सुईची (ही फ्लोटची नव्हे) क्लिप एक खाच खाली घेतली, सुई वर आली, पेट्रोल वाढलं, प्लग बदामी झाला. मे महिन्यात परळीच्या उन्हात मात्र स्लोवर गाडी धापा टाकायला लागली. तापलेली हवा विरळ, पेट्रोल तेवढंच. स्क्रू पाव फेरा बाहेर घेतला आणि सुधारली.

कार्बोरेटरमधली स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा भाग) झिजलेली आहे, थोडी खडखडते. ती तशीच चालू आहे.

गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळा लागल्यापासून दर पंधरवड्याला कार्बोरेटरचा बाऊलही (तळाची पेट्रोलची वाटी) उघडतो. परवा उघडला तेव्हा तळाशी पाण्याचे दोन थेंब होते.