गाभडलेलं जनावर ठेवायचं का काढायचं: निओस्पोरा आणि टॉक्सोप्लाझ्मा

गाय पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभडली, रिपोर्टमध्ये निओस्पोरा आला, की पहिला प्रश्न असतो आता हिला काढू का. मेंढ्यांमध्ये टॉक्सोप्लाझ्मा निघाला तरी प्रश्न तोच. दोन्ही एकपेशीय परजीवी, दोन्ही वारेतून पोटातल्या पिल्लाकडे जातात, पण उत्तर जवळजवळ उलटं आहे, आणि हे माहीत नसल्यामुळे नेमकं ठेवण्यासारखं जनावर विकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी निओस्पोरा. हा कुत्र्याच्या विष्ठेतून चारा-पाण्यात येतो, कुत्र्याचा हा रोल १९९८ मध्ये सिद्ध झाला. पण गोठ्यात तो वर्षानुवर्षं टिकतो तो मुख्यतः आईकडून लेकीकडे जाऊन. एकदा लागण झाली की गाय जन्मभर त्याला बाळगते, आणि गाभणपणात शरीरात दबून बसलेला परजीवी परत जागा होऊन वासरापर्यंत पोचतो. बहुतेक वासरं जन्मतात मात्र अगदी ठणठणीत, खरी फसगत इथेच होते, कारण तीच देखणी कालवड आपण हौसेने वाढवतो, मग ती गाभण राहते आणि पुढच्या पिढीला तेच देते. यावर भरवशाचं औषध नाही.

टॉक्सोप्लाझ्मा मांजरातून येतो, तेही जास्त करून पहिल्यांदाच लागण झालेल्या तरुण मांजरातून. मेंढीला गाभण असताना पहिल्यांदा लागण झाली तरच मोठा धोका. सुरुवातीला झाली तर गर्भ आतच जिरतो आणि आपल्याला वाटतं मेंढी गाभणच राहिली नाही, मधल्या काळात झाली तर गाभडते किंवा सुकलेलं कोकरू पडतं, शेवटी शेवटी झाली तर कोकरू बऱ्याचदा नीट जन्मतं. पडलेली वार ग्लोव्हज घालून धुऊन बघा, तिच्यावरच्या लाल गाठींमध्ये २-३ मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसतात आणि गाठींमधला पडदा मात्र साधा असतो. ठिपके दिसले म्हणून लगेच निदान झालं असं नाही, वार आणि पडलेलं पिल्लू लॅबला पाठवाच, कारण गाभडण्याची इतर कारणंही असतात.

आता निर्णय. टॉक्सोमुळे गाभडलेली मेंढी मी तरी ठेवेन, तिच्यात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते आणि पुढच्या वेळी ती सहसा नीट विते. शेळीबाबत जरा सावध राहा, काही शेळ्या परत गाभडतात. काही देशांत मेंढ्यांसाठी जिवंत लस (जिवंत परजीवी असलेली) मिळते, ती मेंढी नराकडे भरवण्याच्या किमान ३ आठवडे आधी द्यायची असते, गाभण जनावराला अजिबात नाही.

निओस्पोरा पॉझिटिव्ह गाय लगेच काढलीच पाहिजे असं नाही, दूध चांगलं असेल आणि एकदाच गाभडली असेल तर ठेवा, पण तिची कालवड पैदाशीला ठेवू नका. त्या कालवडीला पोटातच लागण झाली का हे बघायचं असेल तर चीक पाजायच्या आधी रक्त घ्यावं लागतं, एकदा चीक पोटात गेला की आईच्या अँटीबॉडीज वासरात येतात आणि रिपोर्टचा अर्थच लागत नाही. रक्त घेतलं की लगेच चीक पाजा, त्यात उशीर नको. ती वेळ हुकली तर ६ महिन्यांनंतर तपासा. गाय फारच गुणी असेल तर तिचा भ्रूण निगेटिव्ह गायीत ठेवता येतो, पण खर्चिक काम आहे. परत परत गाभडत असेल तर मात्र मन घट्ट करून काढा.

कुत्र्याला वार किंवा पडलेलं वासरू खाऊ देऊ नका, खोल पुरा, आणि चारा व धान्य झाकून ठेवा म्हणजे कुत्रं-मांजर त्यात घाण करणार नाही. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, टॉक्सो माणसालाही होतो आणि पोटातल्या बाळालाही जातो, त्यामुळे घरातल्या गरोदर बाईने मेंढ्या-शेळ्या विताना जवळ जायचं नाही, ओल्या कोकराला हात लावायचा नाही आणि त्या कामाचे कपडेही धुवायचे नाहीत, ते दुसऱ्या कुणीतरी करा.