कंबरेतल्या कळांसाठी टेन्स मशीन: कोणतं घ्यावं, कधी लावावं

बाळंतपणात काही जणींच्या कळा पोटापेक्षा कंबरेत जास्त उठतात. बाळाचं डोकं खाली असूनही त्याची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर डोक्याचा मागचा कठीण भाग माकडहाडाच्या वरच्या हाडावर दाबतो. मग बऱ्याचदा दोन कळांच्या मध्येही कंबर मोकळी होत नाही. टेन्स मशीन घेतलं जातं ते याच दुखण्यासाठी. त्याने बाळ फिरत नाही आणि कळाही थांबत नाहीत. पाठीवर चिकटवलेल्या पॅडमधून ते विजेची हलकी झिणझिण सोडतं, एवढंच. यामागचा विचार 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडला: मज्जारज्जूत स्पर्शाचे संदेश गर्दी करून पोचले की दुखण्याच्या संदेशांना वाट कमी मिळते. आपटलेला कोपरा आपण चोळतो, तसंच.

बाळंतपणासाठी खास बनवलेल्या मशीनला चार लांबट पॅड आणि एक बूस्ट बटण असतं. कळ सुरू झाली की बटण दाबायचं, झिणझिण सलग आणि जोरदार होते. कळ ओसरली की पुन्हा दाबायचं, ती परत तुटक आणि हलकी होते. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या सामानाच्या दुकानात बहुधा साधं, दोन चॅनलचं (दोन वायर, चार पॅड) मशीन मिळतं. त्यावरही काम भागतं, पण बूस्ट नसतो. दर कळेला कुणीतरी दोन्ही चकत्या फिरवून जोर वाढवायचा आणि नंतर उतरवायचा. रात्रभर हे करायला जवळ माणूस नसेल तर साधं मशीन घेऊन फारसा उपयोग नाही. एक चॅनलचं तर घेऊच नये, दोन पॅडमध्ये कंबर पुरी पडत नाही. ‘मसाजर’ किंवा पोट कमी करायचा पट्टा म्हणून विकतात ती ईएमएस यंत्रं स्नायू आवळतात. ती इथे चालत नाहीत. दोन्ही सोयी एकात असतील तर टेन्सचाच प्रोग्रॅम लावायचा.

सगळ्यात जास्त चुका पॅड लावताना होतात. वरची जोडी ब्राच्या पट्ट्याच्या पातळीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. खालची जोडी कंबरेखाली जिथे दोन खळगे दिसतात तिथे, नितंबांच्या फटीच्या वर. एका वायरचे दोन्ही पॅड वर, दुसरीचे दोन्ही खाली. मणक्याच्या हाडावर पॅड नको आणि पोटावर तर मुळीच नको. स्वतःच्या पाठीला हे नीट जमत नाही, म्हणून नवऱ्याने, आईने किंवा सोबत राहणाऱ्या बाईने जागा आधीच पाहून ठेवावी. आपल्या घरांत शेवटच्या दिवसांत कंबरेला तेल लावतात. त्या पाठीवर पॅड टिकत नाही. साबणाने धुऊन, कोरडं पुसून मगच चिकटवावं. स्वस्त मशीनसोबत जेल लावून चिकटपट्टीने बसवायचे काळे रबरी पॅड येतात. घामाने ते सरकतात आणि कडेला टोचल्यासारखं होतं. त्यापेक्षा स्वतःच चिकटणारे पॅड वेगळे विकत घ्यावेत, 5 बाय 9 सेंटीमीटरच्या आसपासचे. दुसऱ्या कुणाचे वापरलेले घेऊ नयेत.

सुरुवात शून्यापासून. झिणझिण स्पष्ट जाणवली पाहिजे, पण स्नायू उडायला लागला तर जोर जास्त झाला. साध्या मशीनवर 80 ते 100 हर्ट्झ, सलग मोड आणि 200 मायक्रोसेकंदाच्या आसपास पल्स (विजेच्या एका ठोक्याची लांबी) ठेवावी. दोन कळांच्या मध्ये बर्स्ट (तुटक झिणझिणीचा) मोड चालतो. शरीराला तोच जोर सवयीचा होतो, म्हणून तासागणिक थोडा थोडा वाढवावा लागतो. पॅड सुटला तर आधी मशीन बंद, मग पॅडला हात. नवी बॅटरी घालून वर एक जोडीला ठेवावी. साध्या मशीनला बहुतेक वेळा 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते आणि ती रात्री शोधून मिळत नाही.

फायदा किती? पुरावा भक्कम नाही. उपचारांबद्दल सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2014 च्या सूचनांत कळा पक्क्या सुरू झाल्यावर टेन्स देऊ नये असं म्हटलं होतं. मशीनची खरी वेळ त्याआधीची: घरी असताना, कळा अजून दूरदूर असताना. गर्भपिशवीचं तोंड बरंच उघडल्यावर पहिल्यांदा लावलेलं मशीन बायका वैतागून काढून टाकतात, आणि ते बरोबरच आहे. शेवटच्या टप्प्यासाठी म्हणून कुणी घेत असेल तर आमचा सल्ला, घेऊ नका.

37 आठवड्यांआधी, पेसमेकर असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. अंघोळीआधी काढायचं. एपिड्युरल (पाठीतून दिलं जाणारं, कळा बधिर करणारं इंजेक्शन) देताना पॅड त्याच जागी असतात, तेही काढावे लागतात. बाळाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रात कधी अडथळा येतो, म्हणून सिस्टरला आधीच सांगावं. काही लेबर रूममध्ये बाहेरचं मशीन चालत नाही, आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. आणि 37 आठवड्यांच्या आत कंबर ठरावीक अंतराने दुखू लागली, रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर मशीन बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

पैसे मर्यादित असतील तर आधी रबरी गरम पाण्याची पिशवी घ्या: दोन तृतीयांश भरायची, हवा काढून बूच लावायचं, टॉवेलात गुंडाळायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत मसाज आणि गरम शेक आहे. कळ येताच माकडहाडाच्या वर तळहाताच्या टाचेने सरळ, न चोळता दाब द्यायचा, ती ओसरेपर्यंत. बाई खुर्चीवर उलटी बसून पुढे रेललेली किंवा हात-गुडघ्यांवर असेल तर हा दाब नीट लागतो. यात मशीनची भर घालायची असेल तर बूस्ट बटणाचंच पाहा, आणि भाड्याने मिळत असेल तर भाड्याने. पॅड मात्र नवे.