अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि न दिसलेला चमचा

गेल्या हिवाळ्यात मी ४,९९९ रुपयांना एक नवा डिजिटल कॅमेरा घरबसल्या मागवला आणि त्यात पुरता फसलो. रक्कम कोणाला मोठी वाटेल, कोणाला किरकोळ वाटेल. परंतु ज्या शब्दांनी आणि ज्या आकड्यांनी मला फसवले, ते शब्द आणि ते आकडे त्या किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत आजही जसेच्या तसे दिसतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला पक्षी पाहण्याचा नाद लागला. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर आमच्यापासून जवळच आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळीला जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आणि असा दर्जा मिळालेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. थंडीत तेथे बदके, बगळे, चित्रबलाक आणि चमच्यासारख्या चपट्या चोचीचे ‘चमचे’ पक्षी अशी गर्दी असते, पण ती सारी पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यापासून दूर, पाण्याच्या मध्यावर. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचे नुसते ठिपके येत. त्यामुळे ‘४८ मेगापिक्सेल, फोर के व्हिडिओ, १६ पट झूम, अँटी-शेक, ३२ जीबी कार्ड मोफत’ ही ओळ वाचताच, आणि तिच्याखाली १४,९९९ हा आकडा खोडून ४,९९९ लिहिलेला पाहताच, माझी विवेकबुद्धी थोडी मागे सरली, हे मी मान्य करतो. त्या वस्तूला पाचापैकी साडेचार तारे होते.

ते तारे कोठून येतात, हे खोके उघडल्यावर कळले. आत एक रंगीत चिठ्ठी होती: पाच तारे देऊन त्याचे छायाचित्र पाठवा आणि २०० रुपये परत मिळवा. कॅमेऱ्याची बॅटरी अजून चार्ज होत होती, तेवढ्यातच मी पाच तारे देऊन मोकळा झालो. पुढे मी तो अभिप्राय बदलला आणि ते २०० रुपये अर्थातच कधी आले नाहीत. परंतु मधल्या आठ दिवसांत माझ्या ताऱ्यांवर विसंबून आणखी कोणी तो कॅमेरा घेतला असेल, तर त्या फसवणुकीत माझाही वाटा आहे, आणि ही गोष्ट मला पैशांपेक्षा अधिक लागली आहे.

पहिल्याच रविवारी मनोऱ्यावरून मला पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा दिसला. शेजारी दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते चमचे असल्याचे सांगितले. मी झूमचे बटण दाबत १६ पर्यंत नेले. पडद्यावर पक्षी मोठे झाले, परंतु भिंग मात्र तसूभरही पुढे सरकले नाही, आणि घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा करड्या पाण्यावर पांढरे डाग तेवढे उमटले होते. चमचा आणि बगळा यांतील फरक चोचीवरून ओळखायचा असतो, आणि माझ्या चित्रात चोचच नव्हती.

त्यानंतर मी जे वाचले आणि करून पाहिले, ते आधी केले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. भिंगातील काचा पुढे-मागे सरकून जो झूम होतो तो खरा, म्हणजे ऑप्टिकल. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून तो फुगवणे. १६ पट डिजिटल झूम केल्यास लांबीचा सोळावा आणि रुंदीचाही सोळावा भाग उरतो, म्हणजे मूळ चित्राच्या २५६ भागांपैकी केवळ एक. हेच काम मोबाइलवर काढलेले चित्र दोन बोटांनी ताणून फुकट होते. कॅमेऱ्याचा झूम खरा आहे की नाही, हे ओळखण्यास भिंगाभोवतालची कडी वाचणे बहुधा पुरेसे असते: खऱ्या झूमच्या कॅमेऱ्यावर तेथे ५.०–४०.० मिमी असे दोन आकडे असतात, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागले की आठ पट हे उत्तर मिळते. माझ्या कॅमेऱ्यावर एकच आकडा होता. तो जाहिरातीतील चित्रातही स्पष्ट दिसत होता. मला तो वाचता येत नव्हता, इतकेच.

आता त्या ४८ मेगापिक्सेलकडे वळतो, कारण खरी मेख तेथेच आहे. कॅमेऱ्यातून निघालेली फाइल खरोखरच ८००० गुणिले ६००० बिंदूंची होती, म्हणजे गुणाकार चार कोटी ऐंशी लाख, म्हणजे अगदी ४८ मेगापिक्सेल. त्यामुळे विक्रेत्याला खोटे पाडणे मला सुरुवातीस जमेना. अखेर मी वर्तमानपत्राचे एक पान भिंतीवर चिकटवले, कॅमेरा पाटावर स्थिर ठेवला आणि त्याच जागेवरून आधी ८ मेगापिक्सेलच्या व नंतर ४८ मेगापिक्सेलच्या सेटिंगवर चित्रे काढली. बिंदू सहापट झाल्यावर अधिक बारीक अक्षरे वाचता यायला हवी होती. एकही वाचता आले नाही. दोन्ही चित्रांत बातमीची शीर्षके दिसत होती आणि मजकूर सारखाच पुसट होता. नाशिकच्या एका जुन्या दुरुस्ती दुकानात कॅमेरा नेला, तेव्हा दुकानदाराने तो उघडून हरभऱ्याच्या डाळीएवढा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चकती, दाखवला आणि म्हणाला, “काका, स्वस्त मोबाइलमध्ये असतो तसलाच आहे हा, आठ मेगापिक्सेलचा. बाकीचे चाळीस आतला प्रोग्राम मनाने भरतो.” दोन खऱ्या बिंदूंच्या मध्ये अंदाजाने बिंदू भरण्याच्या या क्रियेला इंटरपोलेशन म्हणतात, आणि ते म्हणजे दुधात पाणी घालून लिटर वाढवणे होय. फोर केचाही हिशेब तेथेच उलगडला: फोर के चित्राची रुंदी ३८४० बिंदू असते आणि ८ मेगापिक्सेलच्या सेन्सरची ३२६४ च्या आसपास, तेव्हा रुंदीच पुरत नसेल तर तेही फुगवलेलेच असणार. अँटी-शेकने चित्र स्थिर होण्याऐवजी अधिक रवाळ होत असे आणि फ्लॅश म्हणजे एक एलईडी दिवा होता. त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

मोफत कार्डाने मात्र कॅमेऱ्याहून मोठे नुकसान केले. एका लग्नात मी चारेकशे चित्रे आणि काही व्हिडिओ टिपले. त्यांतील पहिली काही उघडली, पुढची अर्धी करडी निघाली आणि शेवटची उघडलीच नाहीत. खोट्या कार्डातील नियंत्रक चिप संगणकाला ३२ जीबी असल्याचे सांगते, पण आतील प्रत्यक्ष जागा त्याहून पुष्कळ कमी असते. ती संपल्यावर नवी माहिती जुन्यावर लिहिली जाते किंवा नाहीशी होते, आणि कॅमेरा तक्रार करत नाही. कार्ड पूर्ण भरून ते पुन्हा वाचून पाहणारी ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’सारखी विनामूल्य साधने आहेत. कोणतेही नवे कार्ड महत्त्वाच्या प्रसंगाआधी असे तपासून घ्यावे.

परत करण्याचा प्रयत्न केला तेव्हा ‘सात दिवसांत केवळ बदली’ ही अट समोर आली, आणि ग्राहक सेवेतील मुलाने नम्रपणे सांगितले, “सर, चित्राचा दर्जा हा आवडीनिवडीचा भाग आहे.” येथे मी एक चूक सुधारली. ‘चित्रे चांगली येत नाहीत’ असे म्हणणे सोडून मी लेखी कळवले की जाहिरातीत ४८ मेगापिक्सेलचा सेन्सर लिहिला असून प्रत्यक्षात तो ८ चा आहे, कार्डाची क्षमता खोटी आहे, बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह नाही आणि खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता नाही. सोबत वर्तमानपत्राची दोन्ही चित्रे, कार्डचाचणीचा निकाल आणि जाहिरातीचे पान जोडले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रीमंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. पोच आली; निवारण आले नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर अठरा दिवसांनी पैसे परत आले. न आले असते तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी होती. तेथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नसते, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

मग स्वस्त कॅमेरा घ्यावाच की नाही, असे मला दोघा-तिघांनी विचारले. पाच हजारांत नवा, अनोळखी नावाचा कॅमेरा मी कोणालाही घेऊ देणार नाही, कारण हातातला साधारण मोबाइल त्याहून चांगले चित्र देतो. दूरचे टिपायचे असेल, तर नावाजलेल्या कंपनीचा, खऱ्या झूमचा जुना कॅमेरा दुकानात बसून पाहून घ्यावा: भिंग न अडखळता बाहेर येते काय, पांढऱ्या भिंतीच्या चित्रात ठिपके उमटतात काय, चार्जर सोबत आहे काय, त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते काय आणि कार्ड कोणते लागते, हे तपासावे. अगदी जुन्या काही कॅमेऱ्यांत २ जीबीच्या वरचे कार्ड चालत नाही आणि काहींना बाजारातून नाहीसे झालेले निराळेच कार्ड लागते. मी त्याच दुरुस्ती दुकानातून १२ मेगापिक्सेलचा, आठ पट ऑप्टिकल झूमचा एक जुना कॅमेरा ३,८०० रुपयांना घेतला. त्याच्या पाठीवर ओरखडे आहेत आणि बॅटरी दीडशे चित्रांत दम सोडते, परंतु फेब्रुवारीत काढलेल्या चित्रात चमच्याची चोच टोकापर्यंत दिसते.

परवा सहज ते जाहिरातीचे पान पुन्हा उघडून पाहिले. कॅमेरा तोच आहे, चित्रेही तीच आहेत आणि भिंगाच्या कडीवर तोच एकुलता आकडा आहे. ४८ च्या जागी आता ६४ मेगापिक्सेल लिहिले आहे आणि किंमत ५,४९९ झाली आहे.