म्युनिकजवळची अळंबी-फेरी: आजोबा बावनकशी, गर्दी नको तेवढी

चार तारे. पाचवा कापला तो गर्दीसाठी. म्युनिकच्या दक्षिणेला, लोकलच्या स्टेशनापासून चालत जाता येईल अशा स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) जंगलात ही अळंबी ओळखायला शिकवणारी तीन तासांची फेरी असते. माणशी 25 युरो. बुकिंगच्या वेळी ‘छोटा गट’ म्हटलं होतं, प्रत्यक्षात अख्खी वरात. मागे पडलात तर फेरी नेणाऱ्या आजोबांचं निम्मं बोलणं झाडंच ऐकतात, त्यातून ते ठेठ बव्हेरियन बोलीत. जर्मन बऱ्यापैकी येत असेल तरच जा.

आजोबा मात्र बावनकशी. रीतसर परीक्षा दिलेले अळंबी-सल्लागार आहेत. जर्मनीत असे लोक आपली टोपली तपासून देतात, बरेचदा फुकटात. मी चंद्रपूरची. आमच्याकडे वारुळावरच्या सात्या तेवढ्या खायच्या, बाकी सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या, एवढ्यावर भागतं. इथे त्याच जंगलात पिवळाधमक फिफरलिंग ही खायची अळंबीही उगवते आणि तिच्यासारखा दिसणारा तोतयाही.

आजोबांनी दोन्ही हातात दिले आणि टोपी उलटी करायला लावली. खऱ्याला पातळ कल्ले, म्हणजे टोपीखालची पाती, नसतातच. जाडसर, बोथट शिरा असतात, फाटे फुटत देठावर उतरलेल्या. नखाने खरवडल्या तरी सुट्या होत नाहीत. तोतयाचे कल्ले बारीक नि दाट, अंगठ्याने सारले की निघून येतात. मग उभा फाडायचा. खरा आत पांढुरका, तोतया आतूनही नारिंगी. खऱ्याला जर्दाळूचा मंद वास येतो, तो एकदा नाकात बसला की बसला. माझ्या फोनमधल्या अॅपने दोघांना एकच नाव दिलं. त्याला वरून काढलेला फोटो कळतो, आतला रंग नि वास कसा कळणार?

तोतया खाल्ला तर फार तर पोट बिघडेल. खरी भीती कॉर्टिनॅरियस रुबेलस या विषारी अळंबीची. तांबूस-नारिंगी, मधोमध उंचवटा असलेल्या टोपीचा, तोही स्प्रूसखालीच उगवतो. त्याच्या विषाने मूत्रपिंडं निकामी होतात, आणि त्रास सुरू व्हायला दोन-तीन दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर काय खाल्लं होतं हेच माणूस विसरलेला असतो. या रुबेलसला खरे कल्ले असतात आणि बीजाणू गंजाच्या रंगाचे. त्या दिवशी तो सापडला नाही, म्हणून फोटोवर भागवलं. फोटो पोस्टकार्डाएवढा, वर चमकणारं लॅमिनेशन, मागच्यांना काय दिसणार! जिवाशी गाठ असलेल्या गोष्टीला हातात ठेवायला एक छापील पत्रक द्यायला काय हरकत होती?

वेचलेलं घरी नेता येतं, पण फिफरलिंग जर्मनीत संरक्षित आहे, स्वतःपुरताच काढायची मुभा. ऑगस्ट-सप्टेंबरमधली, पाऊस पडून गेल्यानंतरची तारीख घ्या. आणि टोपली न्या. एका काकांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, तर ‘घामेजून सडवायच्यात का?’ म्हणून आजोबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं.